ठकीची परत केलेली गादी

आदरणीय आईंस,

धाकट्या जावयाचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढा). तुमचा नवा गुडघा कसा आहे? टाके सुकताना खाज सुटते, पण खाजवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं असेलच आणि तुम्ही ते ऐकलं नसेलच. उठता-बसता कुरकुर असा आवाज येत असेल तर घाबरू नका. माझ्याही दोन्ही गुडघ्यांतून येतो, आणि माझे तर मूळचेच आहेत. दादांना आणि वहिनींना नमस्कार सांगा. दादांची ॲसिडिटी आणि वहिनींचा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो (हे वाक्य मोठ्याने वाचू नये).

आता सगळ्यात महत्त्वाचं. ठकी उत्तम आहे. हे मी मुद्दाम आधीच लिहून ठेवतो आहे. पुढे वाचताना कुठे छातीत धडधडलं, तर कृपा करून इथे परत यावं आणि हेच वाक्य पुन्हा वाचावं. ठकी उत्तम आहे, दोन्ही वेळा जेवते, गोळी तेवढी शिताफीने वेगळी काढून माझ्या चपलेत ठेवते, आणि सकाळी पेपर येऊन पडला की त्याच्यावर मनसोक्त भुंकते. (पेपरवाला येतो ते तिला ऐकू येत नाही, त्यामुळे तिचा सगळा राग बातम्यांवर निघतो.)

तुम्ही म्हणाल, मग फोनवर का नाही सांगितलं. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. ही तक्रार नव्हे, नुसतं निरीक्षण. आणि ही हकीकत एका वाक्यात मावणारी नाही. शिवाय तुमच्या मुलीने मला बजावलं आहे की, आईला यातलं अवाक्षर सांगायचं नाही. मी बरं म्हटलं. पण सांगायचं नाही म्हणजे तोंडाने सांगायचं नाही, असा मी त्याचा अर्थ घेतला आहे. आमच्या गल्लीत ही गोष्ट आता इतकी पसरली आहे की ती तुमच्यापर्यंत पोचणारच, आणि वाटेत तिला जी शेपटं फुटतील त्यापेक्षा माझ्याकडून आलेली बरी.

तर झालं असं. तुम्ही ऑपरेशनला जाताना ठकीला आमच्याकडे ठेवून गेलात तेव्हा सोबत तिची वाटी होती, पट्टा होता, सांध्यांच्या गोळ्या होत्या आणि माझ्याकडून पाठ करून घेतलेल्या सूचना होत्या. अंथरूण नव्हतं. असायचं कारणही नव्हतं, कारण तुमच्या घरी ती तुमच्या पायाशी, तुमच्याच रजईत झोपते. इथे पहिल्या दिवशी तुमच्या मुलीने तिला आमच्या पलंगावर ठेवलं. तिने डावीकडे पाहिलं, तुमची मुलगी दिसली, शेपूट हललं. मग उजवीकडे पाहिलं, मी दिसलो, आणि ती खाली उतरली. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, ठकी पिल्लाची म्हातारी झाली, पण माझ्याकडे बघताना तिच्या चेहऱ्यावर अजून तेच असतं, की हा पाहुणा जेवून गेला नाही का अजून. हात तर तिने मला कधी लावूच दिला नाही.

थंडी नेमकी त्याच आठवड्यात पडली. आमचं घर तळमजल्यावर, पुढच्या खोलीत माझं दातांच्या कवळ्या बनवायचं काम. फरशी सगळीकडे गुळगुळीत आणि गार. सांडलेलं प्लास्टर पुसायला ती फार सोयीची आहे, पण म्हाताऱ्या कुत्रीच्या कमरेला अजिबात नाही. एका सकाळी ठकी उठायला गेली आणि मागचे पाय उठलेच नाहीत. पुढचे दोन उभे, मागचे दोन बसलेले, आणि ती आमच्याकडे अशी बघत होती की हे तुम्हीच केलंत. तुमची मुलगी तलावावरचा पहिला वर्ग सोडून (पोहायला शिकवायला लागल्यापासून तिने पहिल्यांदा वर्ग सोडला) तिला शालीत गुंडाळून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी मागे स्कूटर घेऊन. डॉक्टरांनी सगळे सांधे दाबून पाहिले आणि म्हणाले, "मोडलंबिडलं काही नाही. तिला थंडी वाजते आहे. तुम्ही एकदा त्या फरशीवर झोपून बघा." मी घरी येऊन झोपून पाहिलं. डॉक्टरांचं म्हणणं पटलं, आणि उठताना तुमच्या मुलीने हात दिला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अंथरूण उबदार हवं, कोरडं हवं, फरशीला चिकटलेलं नको, मऊ हवं पण पाय रुततील इतकं मऊ नको. तिला स्वतःच्या पायांनी उठता आलं पाहिजे. म्हाताऱ्या जिवाला दुसऱ्याने उठवलेलं आवडत नाही, असंही ते म्हणाले. मी लगेच तुमची आठवण काढली (आदराने).

मला वाटलं, यात काय अवघड आहे. ज्या माणसाचा सगळा जन्म वस्तू नीट बसवण्यात गेला, त्याला एका कुत्रीला नीट बसवता येऊ नये? आधी घरातलंच एक जाड ब्लँकेट चौघडी करून घातलं. ठकी त्याच्यावर चढली, ब्लँकेट गुळगुळीत फरशीवरून निघालं आणि तिच्यासकट कपाटाखाली जाऊन थांबलं. तिला तिथून काढताना मी माझा एक हरवलेला साचा आणि तुमच्या मुलीने फेकून दिला असं शपथेवर सांगितलेला माझा आवडता मफलर परत मिळवला, एवढाच त्यातला फायदा. मग फोमची गादी आणली. दुकानदार म्हणाला, या फोमला आठवण राहते, एकदा झोपलं की अंगाचा आकार तो विसरत नाही. आमच्या धंद्यात मेणही तसंच, म्हणून मला विश्वास वाटला. ठकी मधोमध उभी राहिली आणि सावकाश खाली जाऊ लागली. आधी पाय गेले, मग पोट गेलं, शेवटी नुसते कान आणि अपमान तेवढा वर राहिला. दुसऱ्या दिवशी गारठ्याने तोच फोम पाटासारखा कडक झाला. त्याला आठवण होती, पण ती कुठल्या तरी फळीची असावी.

त्यानंतर लोखंडी पायांची, कापड ताणून बसवलेली बुटकी कॉट झाली (तिच्यावर नखं वाजायची, खालून वारा यायचा, आणि ठकी तिच्यावर न झोपता तिच्याखाली जाऊन झोपायची). त्यानंतर विजेवर तापणारी चादर झाली. ती आधी कुणीतरी तपासून बघणं आवश्यक होतं. तुमच्या मुलीने ती स्वतःच्या पाठीखाली घेऊन तपासली, आणि ते तपासणं अजून चालूच आहे. मला मात्र प्राण्यांच्या डॉक्टरांनीच नंतर सांगितलं की म्हाताऱ्या कुत्रीला चटका बसलेला लवकर कळत नाही, वायरही ती चावेल, तेव्हा ते झालं ते बरंच झालं. एवढ्या सगळ्यात ठकी दाराजवळच्या पायपुसण्यावर झोपत होती, आणि रोज सकाळी तिला उठायला जरा जास्त वेळ लागत होता. ते बघवत नव्हतं. मी पुढच्या खोलीत कवळी घासत बसायचो आणि यंत्र बंद करून ऐकायचो, की मागे नखांचा आवाज होतोय का. झाला की पुन्हा यंत्र सुरू करायचो.

शेवटी मोठ्या रस्त्यावरच्या प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथल्या बाई चष्मा कपाळावर ठेवून बोलतात आणि वस्तूचं नाव वाचायचं असलं की तो घरभर शोधल्यासारखा दुकानभर शोधतात. त्यांनी मला एक गादी दाखवली. तिला गादी म्हणायचं की पिशवी म्हणायचं की गुहा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. खाली जाड बूड, वर टोपीसारखं झाकण, आत सगळीकडून लोकर, आणि पुढे तोंड. मी आत हात घातला आणि काढावासा वाटेना. वजनही भरपूर, म्हणजे फरशीवरून पळून जायची भीती नाही. बाई म्हणाल्या, "नाही आवडली तर आठवड्याच्या आत परत आणा. फक्त वापरलेली नको." घरी आणून मी ती अगदी विचारपूर्वक ठेवली. दाराच्या फटीतून वारा येतो, म्हणून तिचं तोंड भिंतीकडे केलं. ठकी आली. तिने भोवती एक फेरी मारली, भिंत आणि तोंड यांच्यामधल्या जागेत नाक खुपसलं, माझ्याकडे पाहिलं आणि पायपुसण्यावर निघून गेली. आठवडाभर तिने त्या गुहेत पंजासुद्धा टाकला नाही. आत काय काय ठेवून पाहिलं ते सांगत नाही, बिस्किटं होती एवढंच सांगतो. ती तिने मान लांब करून बाहेरूनच खाल्ली.

आता, आई, इथे जरा पाणी प्या आणि दुसऱ्या परिच्छेदातलं वाक्य एकदा वाचून या.

आठवडा संपत आला त्या सकाळी मी ठरवलं की गादी परत करायची आणि तिच्या बदल्यात साधी, सपाट, लोकरीची गादी आणायची. तुमची मुलगी तलावावर गेली होती. मी ती गुहा, दुकानातून आली होती त्याच मोठ्या कापडी थैलीत भरली, थैलीचं तोंड उघडंच, खोलीकडे ठेवून ती खिडकीपाशी, ऊन येतं तिथे आडवी ठेवली, आणि स्कूटरच्या किल्ल्या शोधायला लागलो. किल्ल्या प्लास्टरच्या डब्यात सापडल्या (कशा गेल्या ते विचारू नका, मलाही माहीत नाही). त्या धुऊन, पुसून परत येईपर्यंत बराच वेळ गेला. मग मी थैलीची नाडी सैलसर आवळली, थैली उचलली आणि माझ्या मनात आलं की परत करायची वस्तू आणतानापेक्षा नेहमीच जड का लागते. दारात पायपुसण्यावर तपकिरी, गुबगुबीत काहीतरी नेहमीसारखं पडलं होतं. मी त्याला म्हटलं, "येतो गं, दार लावून घेतो, कुणी आलं तर भुंक." आणि निघालो. थैली स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये. खड्डे चुकवत गेलो, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवावं.

दुकानात बाईंनी विचारलं, "वापरली नाही ना?" मी छातीवर हात ठेवून सांगितलं की तिला कुत्र्याचा केससुद्धा लागलेला नाही. त्यांनी थैलीची नाडी सोडली, ती मागच्या मांडणीवर सरकवून ठेवली, मला सपाट गादी दिली आणि नवं बिल दिलं. तिथून मी दातांच्या डॉक्टरांकडे एक कवळी पोचवायला गेलो. ज्या आजोबांसाठी ती होती ते तिथेच बसले होते. त्यांनी कवळी घातली, तोंड दोनदा उघडलं-मिटलं आणि नव्या दातांनी पहिला शब्द काढला तो "सैल". त्यात माझा वेळ गेला. (आता घट्ट बसली आहे. त्यांनी दुसरा शब्द काढला तो छापण्यासारखा नाही, पण उच्चार स्पष्ट होता.)

घरी येऊन मी सपाट गादी पायपुसण्याशेजारी अंथरली आणि ठकीला उठवायला वाकलो. तो तुमच्या मुलीचा तपकिरी स्वेटर होता. खुंटीवरून पडलेला. म्हणजे सकाळी मी स्वेटरचा निरोप घेतला होता आणि घर राखायलाही स्वेटरलाच सांगितलं होतं. घरात ठकी नव्हती. पलंगाखाली नव्हती, कपाटाखाली नव्हती, न्हाणीघरात नव्हती. मग मला आठवलं की थैली उचलून नेताना मी पुढचं दार उघडं टाकून स्कूटरपर्यंत गेलो होतो आणि मग परत येऊन दार लावलं होतं. तेवढा वेळ तिला पुरेसा होता. आई, तुम्हीच विचार करा. तिला ऐकू येत नाही, मागचे पाय धड चालत नाहीत, बाहेर गारठा, आणि मोठ्या रस्त्यावर गाड्या. मी चप्पल न घालता गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. इस्त्रीवाल्याला विचारलं, किराणावाल्याला विचारलं, नालीच्या फरश्यांखाली वाकून पाहिलं. समोरच्या काकू गच्चीवरून म्हणाल्या की त्यांनी सकाळी मला थैलीशी बोलताना पाहिलं, कुत्री पाहिली नाही. (मी थैलीशी बोलत नव्हतो. कण्हत होतो.)

तुमची मुलगी आली ती तलावावरून तशीच, केस ओले. मी सांगितलं.  तिने गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि गल्लीतून वाजवत निघाली. ज्या कुत्रीला ऐकू येत नाही तिला शिट्टीने कसं बोलावणार, हे तिला सांगायची छाती माझीही झाली नाही आणि इस्त्रीवाल्याचीही. शिट्टीचा परिणाम मात्र झाला. दोन्ही बाजूंच्या इमारतींतून तिची तलावावरची मुलं धावत खाली आली आणि सवयीने उंचीप्रमाणे रांगेत उभी राहिली. एकाने पोहायची टोपीसुद्धा घातली होती. मग तिने त्यांना दोघादोघांच्या जोड्या करून शोधायला पाठवलं. मुलांनी इमानदारीने शोधलं. त्यांनी दोन मांजरं, एक कासव आणि इस्त्रीवाल्याचा भाचा, जो अभ्यास सोडून पाण्याच्या टाकीमागे झोपला होता, एवढं शोधून आणलं. ठकी नाही.

ऊन उतरायला लागलं तशी तुमची मुलगी आमच्या पायरीवर बसली. शिट्टी काढून तिने खिशात ठेवली. मी शेजारी बसलो. ती म्हणाली, "आईला काय सांगायचं?" तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. मी काही बोलणार, तेवढ्यात माझ्या खिशात फोन वाजला. तो तुमचा होता.

तुम्हाला तो फोन आठवत असेल. तुम्ही विचारलंत, "ठकी काय करते?" माझ्या तोंडून निघालं, "झोपली आहे." तुम्ही विचारलंत, "उबेत आहे ना?" मी म्हटलं, "अगदी." तुम्ही म्हणालात, "तुमचा आवाज असा का येतोय, जावईबापू?" मी म्हटलं, "गारठ्याने." मग तुम्ही म्हणालात की तिला आत्ता उठवू नका, आणि फोन ठेवलात. त्या दिवशी मला वाटलं होतं की मी तुमच्याशी धडधडीत खोटं बोललो. पण पुढचं वाचल्यावर तुमच्या लक्षात येईल की त्यातला ठकीबद्दलचा शब्दन् शब्द खरा होता. माझ्या आयुष्यात एवढं खरं मी चुकून कधी बोललो नव्हतो.

कारण तुमचा फोन ठेवला आणि लगेच दुसरा आला. दुकानातल्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही सकाळी परत केलेली ती गादी. वापरलेली नाही म्हणालात ना?"

मी म्हटलं, "नाही हो. सांगितलं ना, केससुद्धा लागला नाही."

"मग ती घोरते कशी?"

आई, मी उभा राहिलो तो सरळ स्कूटरवरच बसलो. तुमची मुलगी मागे. त्या वेळी खड्डे चुकवले नाहीत.

दुकानात गर्दी जमली होती. मधोमध जमिनीवर आमची गुहा, तिच्या तोंडाशी एक धिप्पाड गृहस्थ उकिडवे बसलेले, आणि बाई चष्मा चक्क नाकावर घालून. घडलं होतं ते असं. हे गृहस्थ आपल्या कुत्र्यासाठी गादी घ्यायला आले. बाईंनी त्यांना मागच्या मांडणीवरची ती परत आलेली गादी दाखवली. त्यांनी हात आत घातला आणि चकित झाले, की किती ही ऊब. त्यांना वाटलं आत विजेची सोय आहे. त्यांनी पैसे देऊन टाकले आणि मग विचारलं की हिचं बटण कुठे असतं. बाई म्हणाल्या, बटण नाही. गृहस्थ म्हणाले, आहे, हे काय लागतंय हाताला, पण ओलं का आहे? आणि त्यांनी ते दाबलं. ते ठकीचं नाक होतं. ठकी जागी झाली, तिने त्यांना जे सुनावायचं ते सुनावलं, कूस बदलली आणि पुन्हा घोरू लागली. नशीब तिला दात थोडेच उरले आहेत (आणि हे एवढं एकच तोंड आहे ज्याची कवळी करायला मी कधी तयार झालो नसतो).

तेव्हापासून तिला कुणी बाहेर काढू शकलं नव्हतं. बाईंनी बिस्किट दाखवलं, ती गुरगुरली. गृहस्थांनी गादी हळूच तिरकी केली, ती आणखी आत सरकली. तुमची मुलगी "ठकू" म्हणून रडत पुढे झाली, तर तिच्या हातांना तलावाच्या औषधाचा एवढा वास येत होता की ठकीने तिलाही ओळखलं नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला माझी जागा माहीत होती, पण बघ्यांसमोर नाही म्हणता येईना. मी गुडघ्यांवर बसलो, डोळे मिटले आणि हात आत घातला. माझ्या हाताला कायम प्लास्टरचा आणि मेणाचा वास असतो. इतके दिवस ती ज्या घरात झोपली त्या घराचा वास. ती हुंगत राहिली. आणि मग काय झालं असेल? तिने हनुवटी माझ्या तळव्यावर ठेवली. नुसती ठेवली नाही, सगळं डोकं सोडून दिलं, आणि उसासा टाकून झोपली. मी हात काढला नाही. पायांना मुंग्या आल्या, लोक वरून ओलांडून जाऊ लागले, तरी काढला नाही. माझ्या डोळ्यांत प्लास्टर गेलं असावं. (दुकानात प्लास्टर नव्हतं, हे तुमच्या मुलीने मला नंतर सांगितलं.)

प्रश्न गादीचा उरला होता. ती विकली गेली होती आणि तसली दुसरी दुकानात नव्हती. गृहस्थांनी पुन्हा एकदा वाकून गादीत पाहिलं. मग म्हणाले, "मी रिकामी गादी घ्यायला आलो होतो. हिच्यात तर माणसं राहतात." आणि त्यांनी पैसे परत मागितले. आमची ती सपाट गादी, जिच्यावर कुणीच बसलं नव्हतं, ती आम्ही दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी पोचवून दिली. त्यांच्या लांबलचक कुत्र्याचे पाय तिच्याबाहेर येतात, पण त्याची काही तक्रार नाही असं कळलं. येताना ठकी गुहेतच होती, गुहा तुमच्या मुलीच्या मांडीवर, आणि मी स्कूटर अशी चालवली की एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं आणि वळून पाहिलं.

घरी आल्यावर मी गादी पुन्हा जागेवर ठेवली, तोंड भिंतीकडे. तुमची मुलगी कमरेवर हात ठेवून बघत होती. ती म्हणाली, "तुम्हाला कुणी भिंतीकडे तोंड करून झोपायला लावलं तर?" तिने गादी उचलून खिडकीजवळच्या कोपऱ्यात ठेवली, खाली एक लाकडी फळी घातली, आणि तोंड खोलीकडे केलं, म्हणजे आतून माझं टेबल, स्वयंपाकघराचं दार आणि येणारं-जाणारं सगळं दिसतं. ठकी आत गेली, एक वेटोळं घातलं आणि नाक बाहेर काढून बसली. एवढंच पाहिजे होतं तिला. ऊब तर हवीच, पण घरात काय चाललंय ते दिसलंही पाहिजे. आठवडाभर मी गादीत खोट काढत होतो, आणि गादी बिचारी चांगली होती.

आता रोज ती स्वतःच्या पायांनी उठते. आधी पुढचे पाय लांब करते, मग मागचे, मग एक जांभई, मग पेपर. प्राण्यांच्या डॉक्टरांनी परवा तपासून सांगितलं की कंबर मोकळी झाली आहे. काल तर ती एका कबुतरामागे धावली. कबुतराने मनावर घेतलं नाही, पण धावली. आम्ही दोघं दारात उभे राहून बघत होतो, आणि तुमच्या मुलीने शिट्टी वाजवली. त्यावर मुलं पुन्हा खाली आली. त्यांना बिस्किटं देऊन परत पाठवावं लागलं.

तर आई, आमच्या मनावरचं ओझं उतरलं आहे, आणि आता हे तुम्हाला सांगून झाल्यावर उरलंसुरलंही उतरेल. फोनवर यातलं काही बोलू नये. तुमची मुलगी विचारेल, तर पत्रात फक्त गुडघ्याची चौकशी होती असं सांगावं (तशी ती आहेच, अगदी सुरुवातीला). गुडघ्याला जपा. व्यायाम करताना मोजणी दादांना करू द्या, तुम्ही मधले आकडे गाळता असं त्यांनी मला सांगितलं आहे.

तुमचा,
धाकटा जावई

ता.क. स्कूटरवर खड्डे न चुकवल्याचं वाक्य दादांनी वाचू नये. ती स्कूटर त्यांचीच आहे.

ता.क. खरं म्हणजे पत्र एका वेगळ्याच कामासाठी लिहायला घेतलं होतं, ते राहूनच गेलं. आमची मागची खोली रिकामी आहे. पायऱ्या नाहीत. सकाळचं ऊन येतं, आणि खोलीच्या दारातून सगळं घर दिसतं. तुमच्या घराचे तीन जिने नव्या गुडघ्याला कसे झेपणार, याचा विचार तुमची मुलगी रोज करते, पण तुम्ही एकदा नाही म्हणालात की पुन्हा विचारायची तिची हिंमत होत नाही. माझी होते आहे, कारण पत्रात तुम्ही मला मध्येच थांबवू शकत नाही. तुम्ही इथेच राहायला यावं. चार दिवस नव्हे. राहायला. कुणी तुम्हाला हात धरून उठवणार नाही, असं वचन देतो.

ता.क. तुमची मुलगी आत्ता माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. किती वेळ, कोण जाणे. सगळं वाचलं असावं.  टेबलावरची माझी मोजपट्टी उचलून ती मागच्या खोलीत गेली आहे आणि खिडकीचं माप घेते आहे. पडद्यांना कोणता रंग हवा तो उलट टपाली कळवा. नाही म्हणायचं असेल, तरी रंग कळवा.